हातावरची दोन अक्षरं

"मग सांगूच नका! तीन वर्षं नाही सांगितलं, अजून तीन जातील."

"तीन वर्षं मला माहीतच नव्हतं, त्रिवेणी."

"माहीत नव्हतं? वही तुमची, शाई तुमची, अक्षर तुमचं."

"लिहिलं म्हणजे कळलं असं नसतं."

"हेच सांगा तिला. अकरा वाजता जिना चढून येईल, त्या खुर्चीवर बसेल, तेव्हा सांगा. सावित्रीबाई, तुमचा पोरगा आमच्या वहीत होता, पण आम्हाला कळलं नाही."

"हळू बोल. खालची खिडकी उघडी आहे."

"असू दे. खाली मराठी कुणाला कळत नाही."

"आणि तो तिचाच कशावरून? दोन खुणा जुळल्यात. तिसरी जुळल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. नियम आहे."

"नियम! बाई काय पार्सल सोडवायला यायलीय का?"

बायकोच्या या बोलण्यावर हिम्मतरावांनी टेबलावरची निळी वही उगाचच एक वीत उजवीकडे सरकवली आणि पुन्हा होती तिथे आणली.

पार्सलचा टोमणा उगाच नव्हता. हिम्मतराव बिरादार चौतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. मूळ देगलूरकडचे. वडिलांनी शेत भावांवर सोपवून हैदराबादेत नोकरी धरली, तेव्हापासून घर चिक्कडपल्लीत, लायब्ररीच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. घरात मराठी, जिन्यात तेलुगू आणि रिक्षावाल्याशी "कायकू भय्या" अशी त्यांची तीन तोंडं. ऑफिसात त्यांच्याकडे बेवारस माल होता. मालक न आलेल्या पेट्या, गोण्या, गाठोडी, एकदा तर सतारीचा भोपळा. असला माल सोडवायला कुणी पावती हरवून आला की बाकीचे कारकून विचारत, "हिरवी ट्रंक का? पत्र्याची? कुलूप लावलेली?" आणि समोरचा मान डोलवत जाई, "हौ साब, वोहीच." हिम्मतराव तसं कधी विचारत नसत. हात बांधून बसत आणि म्हणत, "तुम्ही बोला. मी ऐकतो." वरून कशी दिसते, आत काय आहे, आणि जी बांधणाऱ्यालाच माहीत असेल अशी एक गोष्ट. अशा तीन खुणा समोरच्याने आपल्या तोंडाने सांगायच्या. आपण मधे शब्द टाकायचा नाही. टाकला की संपलं, मग तो माणूस आपल्याच तोंडातलं काढून आपल्यालाच देतो.

मेलेल्यांच्या कामात ते शिरले तेही एका ट्रंकेमुळेच. नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली होती. एक ट्रंक चार महिने पडून होती, पावतीचा अर्धा भाग तिच्यावर चिकटवलेला. एका दुपारी स्टेशनाबाहेर चहा पिताना ओळखीच्या हवालदाराने सहज सांगितलं की एक म्हातारा बाकावर बसल्या बसल्या गेला होता, खिशात कसलीशी पावती निघाली, चार महिने झाले, कुणी आलं नाही. हिम्मतरावांनी कप तसाच ठेवला. पावतीचा दुसरा अर्धा भाग ठाण्यातल्या पाकिटात होता. दोन्ही ठिकाणांत चालत सात मिनिटांचं अंतर. ट्रंकेत नातीसाठी शिवलेले सहा फ्रॉक होते आणि एका फ्रॉकच्या खिशात पत्ता.

निवृत्तीनंतर त्यांनी दोन वह्या केल्या. लाल वहीत हरवलेले, निळ्या वहीत सापडलेले. सकाळी आठला डबा घेऊन बाहेर पडायचं. सरकारी दवाखान्याच्या शवागाराच्या फाटकाशी उभं राहायचं. आतला कामगार त्यांना बघून ओरडायचा, "चाचा, आज तीन हैं, तीनों बुढ्ढे!" आणि ते लिहून घ्यायचे. मग ठाणी. एका ठाण्यात हरवल्याची नोंद, दुसऱ्या ठाण्यात सापडल्याची. दोन्ही रजिस्टरं आपापल्या कपाटात, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. पोलीस आधी हाकलत. पुढे "पार्सल साब आये, कुर्सी देव" म्हणू लागले. मोबाइलवर फोटो यायला लागले तशी त्यांनी एक भिंगही घेतलं. अकरा वर्षांत एकोणीस माणसं त्यांनी घरच्यांना जुळवून दिली. माणसं म्हणजे कधी फोटो, कधी कपड्यांची पिशवी, कधी स्मशानातला नंबर.

यातली एक जुळणी खोटी निघाली. तिचं नाव दत्तोबा.

निजामाबादकडचा साठीचा माणूस, डोक्याने थोडा हललेला, घरातून निघून गेलेला. मुलगा विचारायला आला. वहीत एक नोंद जवळपास तशीच होती. दमलेला, रडवेला मुलगा बघून हिम्मतरावांच्या तोंडून गेलं, "पाठीवर चामखीळ होती का?" मुलगा म्हणाला, "होती होती." झालं. कर्म झालं, दहावा झाला, तेरावा झाला. चार महिन्यांनी दत्तोबा आपल्या पायांनी घरी आला. दारातच बायको रिकाम्या गळ्याने उभी. पुढे तो पत्ता विचारत विचारत चिक्कडपल्लीला आला, याच खुर्चीवर बसला, त्रिवेणीबाईंनी दिलेला चहा प्याला आणि म्हणाला, "काम काही नाही. मला मारलं ते कोण, एकदा बघावं म्हटलं."

त्या दिवसापासून हिम्मतरावांनी मधे शब्द टाकणं बंद केलं. समोर कोण का बसलेलं असेना.

सावित्रीबाई आल्या त्या तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, चौदा तारखेला. बेगम बाजारात मिरचीच्या गोदामात देठ खुडायचं काम. नवरा वारलेला. मोठा मुलगा हर्षवर्धन पुण्याला, धाकटा संदेश तेवीस वर्षांचा, मोटरसायकलवर घरोघर पार्सलं पोचवायचा. ("बघा, तुमच्याच धंद्यातला," असं त्याच म्हणाल्या होत्या.) पाच दिवसांपूर्वी गाडी घरी ठेवून चालतच बाहेर पडला आणि आला नाही. ठाण्यात तक्रार झाली होती. तिथे तेलुगू हवालदार, या मराठी, मधल्यामधे मोडकी हिंदी.

"तुम्ही बोला," हिम्मतराव म्हणाले. "मी ऐकतो."

"निळा चौकडीचा शर्ट. काळी पॅण्ट. पाच फूट सहा इंच. आणि उजव्या हातावर माझं नाव गोंदवलंय. नुमाइशीच्या जत्रेत जाऊन गोंदवून आला. मी लई बोलले त्याला."

"तुमचं नाव?"

"सावित्रीबाई."

हिम्मतरावांनी लाल वहीत लिहिलं, 'उजव्या हातावर गोंदण: सावित्री.' ठाण्यातही तेच लिहिलेलं होतं. पुढे त्यांनी विचारलं नाही. नियम.

तीन दिवसांनी, सतरा तारखेला दुपारी, शहराबाहेरच्या एका ठाण्यात त्यांनी रजिस्टर उतरवून घेतलं. रजिस्टर इंग्रजीत. रुळांच्या कडेला सापडलेला पुरुष, बावीस ते सव्वीस, पाच फूट सहा इंच, चेहरा ओळखण्याजोगा नाही, निळा चौकडीचा शर्ट. हिम्मतराव थांबले. पुढे वाचलं. उजव्या हातावर गोंदण, हिंदीत एक शब्द, आणि त्या शब्दाचा अर्थ इंग्रजीत लिहिलेला: 'केम' (came).

हिम्मतरावांची वही मराठीत असे. त्यांनी नीट भाषांतर केलं. 'गोंदण: आला.' शर्ट जुळत होता, उंची जुळत होती, पण निळ्या चौकडीचे शर्ट अर्ध्या शहराच्या अंगात असतात. म्हणून समासात, बारीक अक्षरात, पुन्हा गोंधळ नको म्हणून त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलं: 'सावित्रीबाईंचा नव्हे. गोंदण वेगळं.'

संध्याकाळी जेवताना त्यांनी त्रिवेणीबाईंना सांगितलं. "माणसं काय काय गोंदवून घेतात! एकाच्या हातावर नुसतं 'आला'."

"काय आला?"

"काय की."

"नळ आला असेल," त्रिवेणीबाई म्हणाल्या. त्या गल्लीत एक दिवसाआड पाणी येतं आणि त्या आठवड्यात चार दिवस आलं नव्हतं. "नळ आला म्हणून खुशीत गोंदवून घेतलं असेल."

दोघंही हसले. हिम्मतरावांना तर ठसका लागला.

त्यानंतर तीन वर्षं, दर गुरुवारी, दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी सावित्रीबाई येत राहिल्या. येताना मिरचीचा नाहीतर धन्यांचा पुडा. त्यांच्या पदराला मिरचीचा असा वास की दार उघडतानाच त्रिवेणीबाईंना शिंक यायची. बसल्या की त्या विचारत, "काही?" हिम्मतराव म्हणत, "काही नाही." मग त्या म्हणत, "बरं झालं." हर्षवर्धन पुण्याला बोलवत होता, खोलीचा मालक खोली सोडा म्हणत होता. "पोराला हाच पत्ता माहीत आहे," एवढं सांगून त्यांनी दोघांनाही गप्प केलं होतं.

गेल्या गुरुवारी असं झालं. त्रिवेणीबाई म्हणाल्या, "सावित्रीबाई, चहा गार होतोय." आणि त्या हसून म्हणाल्या, "वहिनी, मला सावित्री म्हणणारी आता तुम्ही दोघंच. गोदामात आई, गल्लीत आई. पोरानं हातावरसुद्धा तेच लिहिलं."

"काय लिहिलं?" हिम्मतरावांनी विचारलं.

"आई. पहिल्याच दिवशी सांगितलं की तुम्हाला. माझं नाव म्हणून."

त्या गेल्यावर तीन दिवस हिम्मतरावांनी निळ्या वह्यांत 'आई' हा शब्द शोधला, भिंग घेऊन मोबाइल चाळला. रविवारी दुपारी खालून कुणीतरी ओरडलं, "नल्ला आया!" त्रिवेणीबाई बादली घ्यायला उठल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. हिम्मतराव तोवर कपाटापाशी पोचले होते. जुनी निळी वही काढून त्यांनी उभ्या उभ्याच नोव्हेंबरची पानं उलटली.

हवालदाराने पोराच्या हातावरचं 'आई' हिंदीत वाचलं होतं.

सोमवारी ते त्या ठाण्यात जाऊन आले. जुना फोटो निघाला. हाताचा. अक्षरं स्पष्ट होती. बाकी नोंदीत एकच खूण उरली होती, कमरेच्या काळ्या करदोड्यात ओवलेली लहान किल्ली. ती सावित्रीबाईंनी कधीच सांगितलेली नव्हती. लाल वहीत किल्ली नव्हती, ठाण्याच्या तक्रारीत किल्ली नव्हती. आणि हिम्मतराव त्या किल्लीला धरून बसले होते.

"दहा मिनिटं राहिली," त्रिवेणीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "माझं ऐका. मुलगा गेला एवढं सांगा. हात बघितला, फोटो बघितला, सांगा. वही तेवढी आत ठेवा."

"का?"

"का म्हणून विचारता? समासात काय लिहिलंय तुम्ही?"

"जे लिहिलंय ते लिहिलंय."

"त्यानं तिचं काय भलं होणार आहे? पोरगा तर जाणारच. वर तिला हेही देणार? ज्या घरात ती तीन वर्षं चहा प्यायली, त्या घरात..."

"दत्तोबाला मी तोंड दाखवलं होतं, त्रिवेणी."

"दत्तोबा जिवंत होता हो."

बेल वाजली. त्रिवेणीबाईंना दार उघडायच्या आधीच शिंक आली.

सावित्रीबाई आत आल्या. पन्नाशी ओलांडलेली, काटक, चुन्यानं भेगाळावीत तशी बोटं. डोळ्यांना हात लावायचा नाही ही त्यांची कामाची सवय. घाम पुसायचा तर खांदा उचलून पोलक्याच्या बाहीला.

"वहिनी, हे घ्या. गुंटूरची आहे, जपून घाला. मागच्या खेपेला भाऊंना ठसका लागला म्हणे."

"त्यांना कशानंही लागतो," त्रिवेणीबाई म्हणाल्या आणि पुडा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात तशाच उभ्या राहिल्या.

सावित्रीबाई खुर्चीवर बसल्या. "काही?"

हिम्मतराव 'काही नाही' म्हणाले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. "सावित्रीबाई, आज एकदा पुन्हा सांगा. डोक्यापासून पायापर्यंत."

"आता? सगळं लिहिलंय की तुमच्याकडं."

"पुन्हा सांगा. तुम्ही बोला, मी ऐकतो."

"बरं." त्यांनी पदर सारखा केला. हे सांगायला त्यांना आवडायचं, हे दोघांनाही माहीत होतं. "केस कुरळे, बापासारखे. कानामागं खोक, सायकलवरून पडला होता, देगलूरला मामाकडं. दात सरळ. गळ्यात काही नाही, घालायचाच नाही. खांद्यावर पट्ट्याचा वळ, पार्सलच्या पिशवीचा. हातावर मी. दुसऱ्या हातात घड्याळ, ते बंदच असायचं. पायाची नखं वाढलेली. कितीदा सांगितलं काप म्हणून."

हातावरून त्या थेट पायावर आल्या होत्या.

हिम्मतरावांनी हात बांधले, सोडले, पुन्हा बांधले. स्वयंपाकघराच्या दारातून त्रिवेणीबाई त्यांच्याकडे बघत होत्या आणि ते त्यांच्याकडे बघत नव्हते.

"आणि कमरेला?" हिम्मतराव म्हणाले.

"कमरेला काय? करदोडा. काळा. सगळ्यांना असतो."

"करदोड्याला?"

सावित्रीबाई उत्तर द्यायला निघाल्या होत्या, तोंड उघडलंही होतं, आणि मग त्यांनी ते मिटलं.

"भाऊ, तुम्ही मधे विचारत नाही कधी."

खालून पोरांचा गलका आला, "नल्ला आया! नल्ला आया रे!" बादल्यांचा खडखडाट झाला.

"वहिनी, नळ आला," सावित्रीबाई म्हणाल्या.

"येऊ दे."

"जाईल की पुन्हा."

"जाऊ दे."

मग सावित्रीबाईंनी सांगितलं. कुणाकडेही न बघता, टेबलावरच्या ताटलीकडे बघून. "किल्ली होती. त्याच्या ट्रंकेची. मी एकदा ट्रंक उघडली होती त्याच्या माघारी. काय करतो, काय ठेवतो, बघावं म्हटलं. तर भांडला. किल्ली करदोड्यात ओवली, म्हणाला, आता काढ. गेला त्याच सकाळी." त्यांनी खांदा उचलून बाहीला गाल पुसला. "पोलिसांना कसं सांगणार? पोरगा आईपासून कुलूप लावतो म्हणून? तुम्हालाबी नाही सांगितलं."

"ट्रंक?"

"आहे तशीच. कुलूप नाही तोडलं. येऊन बघेल तर म्हणेल, पुन्हा उघडली."

हिम्मतरावांच्या तीन खुणा पुऱ्या झाल्या होत्या. नोकरीत अशा वेळी ते रजिस्टर पुढे सरकवत आणि म्हणत, सही करा, माल तुमचा.

"सावित्रीबाई," ते म्हणाले, आणि त्यांनी वहीवर हात ठेवला.

"सापडला का?"

"हौ."

"कुठल्या दवाखान्यात?"

"दवाखान्यात नाही."

"मग?"

"तो गेला, सावित्रीबाई. तेव्हाच गेला. रुळांच्या कडेला सापडला."

त्रिवेणीबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या, तो सावित्रीबाईंनी दोन्ही हातांत घेतला आणि तसाच मांडीवर धरून ठेवला.

"कशावरून?"

"करदोड्यात किल्ली होती. आणि हातावर आई लिहिलं होतं. मी फोटो बघितला, सोमवारी."

"सोमवारी." त्यांची नजर निळ्या वहीवर गेली. "या वहीत आहे का तो?"

"सावित्रीबाई, आधी पाणी घ्या," त्रिवेणीबाई मधे आल्या. "वही काय, नंतर बघता येईल. ती जुनी वही आहे, त्यात दुसरंच..."

"या वहीत आहे का, भाऊ?"

हिम्मतरावांनी खूण घातलेलं पान उघडलं आणि वही त्यांच्याकडे फिरवली. त्रिवेणीबाईंनी डोळे मिटून घेतले.

"मी वाचून दाखवतो."

"चौथी झालीय माझी."

पेला टेबलावर ठेवून सावित्रीबाई बोट लावून वाचू लागल्या. बोट अक्षराखालून सरकायचं, थांबायचं. "पुरुष. अंदाजे बावीस ते... सव्वीस. निळा चौ-क-डी-चा शर्ट. उजव्या हातावर गों-द-ण..." बोट थांबलं. "आ-ला."

पुन्हा वाचलं. "आला. हे नाही लिहिलं त्यानं."

"नाही. पोलिसानं हिंदीत वाचलं. हिंदीत आई म्हणजे आली. त्यानं त्याचं इंग्रजी केलं. मी इंग्रजीचं मराठी केलं."

"आणि मी? मी कुठं गेले त्यात?"

बोट पुढे सरकलं, ओळ संपली, समासात गेलं. तिथलं अक्षर बारीक होतं. त्या वाकल्या. हिम्मतरावांनी नकळत भिंग पुढे केलं आणि मग ते हातातच धरून राहिले, मागेही घेता येईना. सावित्रीबाईंनी भिंग घेतलं.

"हे माझं नाव आहे ना?"

"हौ."

"सावित्रीबाईंचा न-व्हे." त्यांनी मान वर केली. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"कधी?"

"सतरा नोव्हेंबरला. तेव्हाच्या."

"मी चौदाला आले होते तुमच्याकडं."

"हौ."

"सतराला तो कुठं होता?"

"शवागारात."

"किती दिवस होता तिथं?"

"पाच डिसेंबरपर्यंत. मग पुरलं. तिथं नंबर आहे, मी बघून आलो."

सावित्रीबाईंनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत मोजलं. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा सुरुवातीपासून. ओठ हलत होते. "अठरा," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "मधे दोन गुरुवार आले."

"हौ. दोन."

"दोन्ही खेपेला मी विचारलं. तुम्ही काही नाही म्हणालात." त्यांचे डोळे वाहायला लागले होते. त्यांनी ते पुसले नाहीत, बाहीलाही नाही. "आणि मी म्हणाले, बरं झालं."

त्रिवेणीबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाल्या आणि ठेवला नाही. नळाचं, त्या संध्याकाळच्या हसण्याचं त्या घरात त्या दिवशी कुणीच बोललं नाही.

हिम्मतराव बोलू लागले. बसून राहण्यापेक्षा बोलणं बरं म्हणून असेल. ठाण्यात कपड्यांची पिशवी आहे, ती दाखवतील. किल्ली त्याच पिशवीत आहे. मोठ्या मुलाला फोन करू, तो येईल. रक्त द्यावं लागेल कदाचित, जुळवून बघायला, त्याला वेळ लागतो. पण त्याआधी ती किल्ली ट्रंकेच्या कुलपाला लावून बघता येईल, पोलीस बरोबर येतील. त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं, पार्सल कसं सोडवायचं ते सांगावं तसं, आणि ते तसं होतंय हे त्यांना स्वतःलाही ऐकू येत होतं. पण आता थांबताही येईना.

"उद्या सकाळी नऊला मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येतो. रिक्षानं जाऊ. याल ना?"

सावित्रीबाईंनी वही मिटली. मग उठल्या. खुर्चीला अडकवलेली कापडी पिशवी काढली, जिच्यातून मिरचीचा पुडा आला होता ती, आणि निळी वही तिच्यात ठेवली.

"सावित्रीबाई, ती वही..."

त्या दारात पोचल्या होत्या. वाकून चपलेचा पट्टा टाचेवर ओढत होत्या.

"त्यात बाकीच्यांचंही आहे हो. लोक येतात विचारायला. आता कुणी आलं तर मी काय सांगू? मी पान फाडून देतो तुम्हाला. तेवढं एक पान."

"अहो," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "गप्प बसा."

जिन्यात भरलेल्या बादल्या ओळीने ठेवल्या होत्या, पाणी पायऱ्यांवर सांडलं होतं. सावित्रीबाईंनी पिशवी छातीशी धरली, दुसऱ्या हाताने लुगड्याचा घोळ उचलला आणि एकेक बादली ओलांडत त्या खाली उतरू लागल्या.

हिम्मतराव कठड्यावरून वाकले. "सावित्रीबाई! नऊला येऊ ना?"

त्या पहिल्या मजल्याच्या वळणावर पोचल्या, वळल्या, आणि तशाच निघून गेल्या.